बडोद्यात खारवलेला हेरिंग: शुबा, फोर्शमाक, रोसोल्ये आणि एका घरगुती किचनचा सविस्तर रिव्ह्यू

आधी मुद्द्याचं सांगते. बडोद्यात रशियन पद्धतीचा हेरिंग, म्हणजे खारवलेला तेलकट समुद्री मासा, मिळतो, चांगला मिळतो, आणि ज्यांच्या घरी सुकट, सोडे, खारा बांगडा हे सगळं पिढ्यान्पिढ्या चालत आलंय त्यांनी तर थंडीत एकदा मागवायलाच पाहिजे. पण होतं काय की सगळे शुबाचा तो गुलाबी थरांचा डबा मागवतात कारण फोटो भारी येतो, दोन चमचे खातात, छान आहे म्हणतात आणि पुढच्या वेळी परत तोच मागवतात, आणि खरी चव ज्या डब्यांत आहे ते तसेच राहतात. मला हे बघवत नाही म्हणून एवढं लांब लिहितेय.

किचनचं नाव आणि नंबर देत नाहीये, ते चालवणाऱ्या ताईंनीच नको म्हणून सांगितलंय. अलकापुरी-रेसकोर्स साइडला राहतात, सोसायटीत बरीचशी शाकाहारी मंडळी, त्यात मासा आणि तोही खारवलेला, त्यामुळे बोर्ड नाही, कुठल्या अ‍ॅपवर नाही, ऑर्डर ओळखीतून व्हॉट्सअ‍ॅपवर आणि डबा आपण जाऊन आणायचा. बडोद्यातल्या मराठी मासेखाऊ घरांत दोन-तीन जणांना विचारलंत तर नंबर मिळेलच. ताई मूळच्या दांडिया बाजारातल्या, लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे बरीच वर्षं सेंट पीटर्सबर्गला आणि मग एस्टोनियात टालिनला राहून परत आल्यात. त्यामुळे त्यांचं जेवण फक्त रशियन नाही, बाल्टिक समुद्राच्या काठाकाठाने जेवढे देश आहेत त्या सगळ्यांचा हेरिंग त्यांच्या मेनूवर थोडा थोडा आहे आणि हीच मला सगळ्यात आवडलेली गोष्ट.

हेरिंग आपल्याला उगाच परका वाटतो. तारली, हिलसा, अगदी मांदेलीसुद्धा, ही सगळी हेरिंगच्याच गणातली. हिलसा म्हणजे आपला पाला, पावसाळ्यात नर्मदेच्या मुखाशी भरूचच्या खाली भाडभूतकडे जाळ्यात येतो तो, बडोद्यातले सिंधी लोक त्या पल्ल्याची किती वाट बघतात ते मासळी बाजारात जाणाऱ्यांना माहितीये. या सगळ्यांचा स्वभाव साधारण एकच, अंगात तेल भरपूर, काटे बारीक आणि खूप, आणि पाण्याबाहेर काढला की पटकन खराब होणार. हेरिंग तर थव्याने येतो, एका वेळी एवढा येतो की ताजा खाऊन संपणं शक्य नाही, म्हणून मीठ. जर्मनीतल्या लुनेबुर्गचं मीठ ल्युबेकला यायचं, तिथून जहाजाने आजच्या स्वीडनच्या दक्षिण टोकाला स्कोनच्या हेरिंग बाजारात जायचं आणि तिथून पिंपांत भरलेला खारा हेरिंग सगळीकडे फिरायचा, हान्सा म्हणजे मध्ययुगातल्या उत्तर जर्मन शहरांचा व्यापारी संघ, त्यातल्या व्यापाऱ्यांची श्रीमंती बरीचशी ह्यावरच उभी राहिली. ख्रिस्ती उपासाच्या दिवसांत मांस चालत नाही पण कॅथलिक लोकांना मासा चालतो, त्यामुळे गिऱ्हाइकाची कधी कमतरताच नव्हती.

पुढे डच लोकांनी ह्या कामात हात बसवला. त्यांची पद्धत अशी की कल्ले आणि आतड्याचा भाग सुरीने काढायचा पण स्वादुपिंड आतच ठेवायचं, त्यातले एन्झाइम मिठात हळूहळू काम करतात आणि मांस मऊ, थोडं गोडसर होतं. हे समजून घेणं महत्त्वाचं आहे कारण पुष्कळ लोक मला विचारतात की हा कच्चा मासा आहे का. कच्चा नाही आणि शिजवलेलाही नाही, मुरलेला आहे. आणि ह्या सगळ्या सॅलडांचं यश तिथेच ठरतं, मासा नीट मुरला असेल तर बाकी बीट-बटाटा कसाही किसा, आणि मुरला नसेल किंवा मीठ अंगावर आलं असेल तर वर कितीही मेयॉनेज थापा, काही उपयोग नाही.

रशियाची ह्यातली एक गोष्ट मला फार आवडते. व्होल्गातून वर चढणाऱ्या कॅस्पियनच्या हेरिंगला तिथले लोक वेडा मासा म्हणायचे, खाल्ला तर माणसाला वेड लागतं अशी पक्की समजूत, त्यामुळे ढिगाने पकडायचे आणि फक्त तेल काढायला वापरायचे. १८५० च्या दशकात कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर, म्हणजे सस्तन प्राण्यांचं बीजांड शोधणारा शास्त्रज्ञ, तो सरकारी मोहिमेवर कॅस्पियनला गेला आणि त्याने सांगितलं की अरे हा उत्तम मासा आहे, खारवा आणि खा. तोपर्यंत रशियात खारा हेरिंग बराचसा हॉलंड-नॉर्वेहून यायचा. घरच्या नदीत मासा आणि विकत बाहेरून, एका गैरसमजापायी.

आता डबे.

साधा हेरिंग, ५०० रुपये, दोघांना भरपूर. पहिल्यांदा मागवणाऱ्याने हाच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. यात काहीच नाही म्हणजे खरंच काही नाही, खारवलेल्या हेरिंगचे तिरके कापलेले तुकडे, वर कांद्याच्या चकत्या, थोडं तेल, थोडा शेपू, आणि वेगळ्या डब्यात सालासकट उकडलेले छोटे बटाटे जे घरी जाऊन गरम करायचे. गरम बटाटा, गार मासा, बस. रशियात घरोघरी हेच खातात. ताई मुंबईहून इंपोर्टेड फ्रोझनवाल्याकडून नॉर्वेचा अख्खा हेरिंग मागवतात आणि स्वतः खारवतात, एक लिटर पाण्याला चार-पाच मोठे चमचे मीठ, त्याच्या निम्मी साखर, तमालपत्र, मिरी, लवंग, थोडे धने, उकळून पूर्ण गार करून त्यात मासा फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस. ही हलकी खारवण झाली. कधी पिंपातला कडक खारा मिळाला तर तो दुधात नाहीतर गार काळ्या चहात भिजवून मीठ उतरवतात. दुधाने मऊ राहतो, चहाने थोडा घट्ट होतो, मला चहावाला जास्त आवडतो.

मासा दाताखाली कसा लागतो ते सांगते कारण बऱ्याच जणांना भीती तीच असते. लिबलिबीत अजिबात नाही. सुरी घातली की स्वच्छ कापला जातो, जिभेवर ठेवला की तेल सुटतं आणि मीठ मागून येतं, पुढून नाही. वास आहे, पण आपल्या सुक्या बोंबलाच्या वासाच्या मानाने काहीच नाही. आमच्या सासूबाई अलिबागकडच्या, खारवलेलं लहानपणापासून खाल्लेलं, त्यांनी एक तुकडा बटाट्याबरोबर खाल्ला आणि म्हणाल्या, "अगं, मीठ छान उतरवलंय हिने, हाताला अंदाज आहे पोरीच्या." त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप झालं. मग त्यांनी कांदा वाढवून घेतला, वर लिंबू पिळलं आणि अर्धा डबा त्यांचाच.

तेलाबद्दल एक बोलायचं आहे. रशियात ह्यावर न रिफाइन केलेलं सूर्यफुलाचं तेल घालतात ज्याला भाजलेल्या बियांचा खमंग वास असतो, आपल्याकडच्या रिफाइंड तेलाला कसलाच वास नसतो. ताई घाण्यावरचं आणतात, ते बरंच जवळ जातं. एकदा कुणाच्या आग्रहाखातर त्यांनी शेंगतेल घातलं होतं, गुजरातेत राहून तो मोह होणारच, पण शेंगदाणा मासाच्या पुढे धावतो, नको. शेपूचंही तसंच. आपला शेपू त्यांच्याकडच्या शेपूपेक्षा उग्र असतो, त्यामुळे रशियन रेसिपीत मूठभर लिहिला असेल तर इथे चिमूट पुरते, ताईंना हे बरोबर कळलंय.

शुबा, अर्धा किलो ७५० रुपये. हाच तो फोटोवाला. कोटाखाली लपवलेला हेरिंग असं त्याचं नाव, खाली बारीक चिरलेला मासा, त्यावर कांदा, किसलेला बटाटा, गाजर, अंडं आणि सगळ्यात वर बीट, मधे मधे मेयॉनेज. थरांचा क्रम घराघरात बदलतो पण बीट वर आणि मासा खाली हे सहसा ठरलेलं. रशियात ३१ डिसेंबरच्या रात्री टेबलावर ऑलिव्हिये आणि शुबा हे दोन नसतील तर न्यू इयर झाल्यासारखं वाटत नाही लोकांना. ऑलिव्हिये म्हणजे आपण लग्नाच्या बुफेत रशियन सॅलड म्हणून जे अननस घातलेलं खातो त्याचा मूळ पुरुष, मॉस्कोच्या हर्मिटाज रेस्टॉरंटमध्ये १८६० च्या दशकात ल्युसियँ ऑलिव्हिये नावाच्या शेफने केलेलं. ते सोडा, ते दुसऱ्या कुणी लिहावं.

शुबाचं अर्धं यश मेयॉनेजमध्ये असतं आणि इथे ताईंना पूर्ण मार्क. आपल्याकडे दुकानात जे मिळतं ते बहुतेक एगलेस आणि गोड, गुजरातेत तर जास्तच, आणि आधीच बीट गोड, गाजर गोड, त्यात गोड मेयॉनेज घातलं की शुबा संपला. सोव्हिएत काळात १९३६ पासून तिथे प्रोवांसाल नावाचं मेयॉनेज कारखान्यात बनायला लागलं, ६७ टक्के फॅटचं, अंड्याचं, मोहरी आणि व्हिनेगरचं, आणि शुबा हा त्या मेयॉनेजच्या जमान्याचाच पदार्थ आहे. ताई घरी अंडं, राईची पूड, व्हिनेगर घालून फेटतात, आंबट-तिखट एकदम. बीटही चिरून उकडत नाहीत, शेपूट आणि देठ ठेवून अख्खं वाफवतात म्हणजे रंग आणि रस आतच राहतो. डबा पारदर्शक असतो, थर स्वच्छ दिसतात, आदल्या रात्री लावून ठेवलेला असतो म्हणून बीटाचा रस हळूहळू खाली उतरून अंड्याला कडेने गुलाबी करतो.

तरीही माझी तक्रार आहे आणि ती मी त्यांना सांगितलीये. बीटाचा थर जाड होतो. वरून दिसायला छान म्हणून असेल, लोकांना तो मखमली लाल रंग हवा असतो, पण मग चमच्यात बीट आणि बटाटाच येतो आणि मासा कुठेतरी तळाशी. मला तळाचा थर दुप्पट हवा आणि कांदा थोडा व्हिनेगरमध्ये मुरवलेला हवा, गोडाला कापायला. ताईंचं म्हणणं असं की नवे लोक माशाला घाबरतात, जास्त घातला तर परत येत नाहीत. मला पटत नाही, ज्याला मासा नको त्याने शुबा का घ्यावा. पण आता त्या विचारतात, मासा जास्त हवा का, तर हो म्हणा, शंभर रुपये जास्त लागतील, द्या. आणि खाताना चमचा वरून थेट तळापर्यंत घाला, सगळे थर एकदम तोंडात गेले पाहिजेत, कालवू नका.

हाच प्रकार लाटव्हियात आहे, लिथुआनियात आहे, पोलंडमध्येही आहे, कोटाच्या जागी कुठे पांघरूण येतं एवढंच. लिथुआनियात हेरिंगबरोबर मशरूम आणि गाजरही चालतं, ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी तिथे मांस नसतं आणि हेरिंग असतोच. त्यावरून ताईंनी शाकाहारी मैत्रिणींसाठी मशरूमचा शुबा सुरू केलाय, तो मी चाखला, चांगला आहे, पण माशाचं मीठ नसलं की वरचं सगळं थोडं निराधार होतं. जैन शेजाऱ्यांना मात्र यातलं काहीच देता येत नाही, बटाटा, गाजर, बीट, कांदा, सगळं जमिनीखालचं.

आता माझा लाडका डबा. फोर्शमाक, २०० ग्रॅमला ४२० रुपये, आणि प्रत्येक रुपया वसूल. पूर्व युरोपातल्या ज्यू घरांतला पदार्थ, युक्रेनमधल्या ओडेसाचा विशेष प्रसिद्ध. खारा हेरिंग, आंबट सफरचंद, कांदा, उकडलेलं अंडं, दुधात भिजवून पिळलेला पाव आणि लोणी, सगळं सुरीने बारीक चिरून एकत्र. गरिबीतला हिशोब आहे हा, एका माशात सहा जणांचं भागवायचं, म्हणून पाव आणि सफरचंद, आणि त्या हिशोबातून इतकी सुंदर चव निघाली आहे की मी दर वेळी थक्क होते. ताई मिक्सर लावत नाहीत हे सगळ्यात महत्त्वाचं. मिक्सरमध्ये फिरवला की त्याची राखाडी पेस्ट होते आणि मासा-सफरचंद वेगळं कळतच नाही. इथे दाताखाली कधी सफरचंद कुरकुरतं, कधी कांदा, मधेच लोण्याने सगळं शांत होतं आणि मग मीठ. सफरचंद त्या हिरवं आंबट घालतात, ते नसेल तेव्हा लाल सफरचंदाला लिंबू, पण मग फरक जाणवतो, तेव्हा विचारूनच मागवा.

फोर्शमाकबरोबर काळा पाव येतो, चार स्लाइस, बोरोदिन्स्की नावाच्या रशियन पद्धतीचा, राय ह्या धान्याच्या पिठाचा, वर अख्खे धने. धन्याचा वास आणि खारा मासा, एकदम जमतं. पाव जड आहे, ओलसर आहे, पहिल्या दिवशी कापताना चिकटतो, दुसऱ्या दिवशी छान होतो. राय इथे महाग पडतं म्हणून थोडा गहू मिसळतात हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, मला ते आवडलं. पाव वेगळा पण विकत देतात, १८० ला छोटा लोफ, घ्याच.

फिनलंडमध्ये ह्याच नावाचा पदार्थ अगदी वेगळा, त्यात खिमा असतो, मटण किंवा बीफ, आणि त्यात खारा हेरिंग किंवा अँचोव्ही मिसळून तासन् तास शिजवतात, बरोबर भाजलेला बटाटा, बीट, खारी काकडी आणि सावर क्रीम. फिनलंडचा सेनापती आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या मार्शल मॅनरहाइमचा हा आवडता आणि हेलसिंकीच्या सव्हॉय रेस्टॉरंटमध्ये त्याच्या नावानेच चालतो. ताई कधीमधी मटण खिम्याचा करतात. खिम्यात खारा मासा ऐकून नवऱ्याने तोंड वाकडं केलं होतं पण आमच्याकडे खिम्यात सोडे घालणारे लोक आहेत, तेव्हा ह्यात नवल काहीच नाही, मासा मासासारखा लागतच नाही, खिम्याला खोली येते फक्त. मिळाला तर घ्या, पण नेहमी नसतो.

विनेग्रेट आणि रोसोल्ये हे दोन डबे लोक एकच समजतात, दोन्हीत बीट, बटाटा, खारी काकडी, म्हणून. पण हात वेगळा आहे. विनेग्रेट रशियन, त्यात गाजर, मटार, आंबवलेला कोबी, आणि वर फक्त तेल, मेयॉनेज नाही. त्यात बीट चिरल्यावर आधी त्याला एकट्याला तेल चोळतात म्हणजे तेलाचा थर बसतो आणि रंग बाकीच्या भाज्यांना लागत नाही, बटाटा पांढरा राहतो, मटार हिरवा, वाडगा रंगीत दिसतो. हेरिंग घातला तरी चालतो, नाही घातला तरी चालतो, ताई वेगळा देतात, ३५० रुपये. रोसोल्ये एस्टोनियाचं, त्यात उलट सगळं गुलाबी व्हायलाच पाहिजे, सफरचंद असतं, हेरिंग चौकोनी तुकड्यांत आत मिसळलेला असतो आणि सावर क्रीममध्ये थोडी मोहरी. पहिला घास घेतल्यावर मला आजीची दह्यातली बीटाची कोशिंबीर आठवली, तीच गार, आंबटगोड, गुलाबी चव, आणि मग एकदम खारा मासा लागतो आणि कोशिंबीर कुठल्या कुठे राहते. फिनलंडचं रोसोली ह्याचंच भावंड, ख्रिसमसचं, तिथे हेरिंग कधी असतो कधी नसतो. स्वीडन आणि जर्मनीतही हेरिंग-बीटाचं सॅलड जुनं आहे, म्हणजे ह्या समुद्राच्या चारी बाजूंनी लोक तेच पाच-सहा जिन्नस हातात घेऊन बसलेत आणि प्रत्येकाने आपापलं वेगळं केलंय.

रोसोल्ये ४५० ला आहे आणि माझ्या हिशोबात फोर्शमाकच्या खालोखाल. ताई टालिनला हेच रोज बघत होत्या ते कळतं, प्रमाण इतकं पक्कं आहे की काही सुचवावंसं वाटत नाही.

पोलिश पद्धतीचा क्रीममधला हेरिंग मात्र मला जमला नाही वाटलं. मूळ पदार्थ म्हणजे मासा, कांदा, सफरचंद आणि भरपूर घट्ट क्रीम, पोलंडमध्ये ख्रिसमसच्या आदल्या रात्रीच्या जेवणात असतो. आपल्याकडे तसं क्रीम मिळत नाही म्हणून ताई चक्का आणि मलई एकत्र करतात. कल्पना चांगली आहे पण चक्क्याचा आंबटपणा वरचढ होतो, क्रीम गोडसर आणि गुळगुळीत पाहिजे, हा थोडा रवाळ लागतो. चक्का कमी करून मलई दुप्पट केली तर सुधारेल. सध्या तरी सोडून द्या.

आता तारलीचं. नॉर्वेचा हेरिंग सगळ्या आठवड्यांत मिळत नाही, मग ताई तारली खारवतात, आणि मेनूवर स्पष्ट लिहितात की आज तारली आहे, लपवत नाहीत. काही लोक ह्यावर नाक मुरडतात, ओरिजिनल नाही म्हणतात. त्यांना एवढंच सांगेन की सोव्हिएत काळात १९७०-८० च्या दशकांत दुकानांत इवासी हेरिंग म्हणून जो मासा डब्याडब्याने विकला जायचा तो मुळात पॅसिफिकमधला सार्डिनच होता, म्हणजे आपल्या तारलीचा भाऊबंद. पुढे तो समुद्रातून जवळजवळ दिसेनासा झाला आणि लोक वर्षानुवर्षं त्याची आठवण काढत राहिले. तेव्हा तारलीचं सॅलड रशियन माणसाला अजिबात परकं वाटणार नाही.

पण कशात घालायची ते बघून. फोर्शमाकमध्ये तारली अप्रतिम लागते, मी तर म्हणेन पावसाळ्यानंतरची तेलकट तारली असेल तर नॉर्वेच्या हेरिंगच्या बरोबरीने, कारण तिचा थोडा उग्र स्वाद सफरचंद आणि लोणी सांभाळून घेतात. शुबात नको. तारली लहान, मांस मऊ, थराच्या वजनाखाली तिचा लगदा होतो आणि कितीही साफ केली तरी बारीक काटे राहतात आणि मऊ बटाट्यात काटा लागला की खाण्याची मजाच जाते. साधा म्हणून खायलाही हेरिंगच. हिलशाचाही प्रयोग त्यांनी केलाय, पण त्याचे काटे बघता त्याला खारवून सॅलडात घालण्यापेक्षा आमटीत घालावा हे सासूबाईंचं आणि माझं एकमत.

बरोबर प्यायचं काय हा प्रश्न सगळे विचारतात, कारण रशियात हेरिंग आणि व्होडका ही जोडी ठरलेली आणि गुजरातेत दारूबंदी. ताई बाटलीत कोकम सरबत देतात, साखर कमी, मीठ-जिरं नाही, आणि ते फारच योग्य आहे, तेलकट माशावर कोकमाचा आंबटपणा तोंड स्वच्छ करतो. गरम काळा लिंबू चहाही चांगला. दुधाचा चहा नको, कोल्ड्रिंक तर नकोच.

सेफ्टीचं नीट वाचा. हा मासा गॅसवर शिजलेला नाही, त्यामुळे सगळी भिस्त थंडाव्यावर. समुद्री माशात परजीवी अळ्या असू शकतात म्हणून युरोपात नियम आहे की असा न शिजवता खायचा मासा उणे २० डिग्रीला निदान २४ तास गोठवलेला पाहिजे. नॉर्वेचा माल फ्रोझनच येतो, आणि तारली ताई स्वतः डीप फ्रीझरमध्ये त्याहून जास्त ठेवून मग खारवतात, मी विचारून घेतलं. शिवाय तारली-हेरिंगसारख्या माशांत उन्हात ठेवले तर हिस्टामिन तयार होतं, आणि ते एकदा झालं की मीठ-व्हिनेगरने किंवा शिजवूनही जात नाही, अंगावर गांध्या, डोकं दुखणं असा त्रास होतो. म्हणून मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत त्या ऑर्डर घेतच नाहीत, कितीही आग्रह करा. बडोद्याच्या मे महिन्यात ह्या डब्याचं काय होईल त्याची कल्पनाही नको. थंडीतही डबा थर्माकोलमध्ये बर्फाच्या पॅकसकट देतात, तो घेऊन थेट घरी या, वाटेत सेव उसळ खायला थांबू नका, आणि घरी फ्रीजमध्ये दोन दिवसांत संपवा. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांना हे देऊ नये असं ताई स्वतःच सांगतात आणि बीपीवाल्यांना मिठाबद्दल बजावतात. अशी स्पष्ट बोलणारी माणसं खाण्याच्या धंद्यात मला हवीच असतात. बाजारातला बर्फावरचा मासा आणून घरी हा प्रयोग करायच्या भानगडीत मात्र पडू नका, घरच्या फ्रीजचा वरचा कप्पा उणे २० ला जाईलच असं नाही.

पॅकिंग उत्तम, कुठे गळती नाही, वास नाही, लिफ्टमध्ये कुणी वळून बघत नाही. वेळ पाळतात. पैसे आधी घेतात, ते बरोबरच आहे कारण माल मुंबईहून मागवावा लागतो. एक गैरसोय म्हणजे एरवी डबा फक्त शनिवारी संध्याकाळी सहा ते आठमध्येच उचलायचा, नोकरीवाल्यांना मांजलपूर-वाघोडिया साइडहून येणं अवघड जातं, एखादा रविवार सकाळचा स्लॉट ठेवला तर बरं होईल.

आणि जानेवारीचं लक्षात ठेवा. रशियात जुन्या ज्युलियन कॅलेंडरप्रमाणे १३ जानेवारीच्या रात्री जुनं नवीन वर्ष अजूनही साजरं करतात, म्हणजे नेमकी आपल्या उत्तरायणाची आदली रात्र. त्या संध्याकाळी ताईंचा स्पेशल बॉक्स असतो, साधा हेरिंग, छोटा शुबा, फोर्शमाक, रोसोल्ये आणि काळा पाव, १८०० रुपये, चौघांना पुरतो. १४ तारखेला अख्खं बडोदं गच्चीवर उंधियू-जलेबी खात असतं तेव्हा त्यांचंही किचन बंद, पतंग सगळ्यांना उडवायचे असतात. ह्या बॉक्सच्या ऑर्डर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच भरतात, त्यामुळे नाताळच्या आधी मेसेज टाका, मासा जास्त हवा असं लिहा, आणि फोर्शमाकचा एक डबा वेगळा सांगा, बॉक्समधला पुरत नाही.